एकाच दिवशी जन्मलेल्या दोघी

मित्रांनो, तुम्ही संगणकावर एखादा फोटो ठेवता, बटण दाबता आणि खेळायला पळता. तो फोटो पुढे कुणीतरी पोटात धरून बसलेले असते. असे धरून बसणाऱ्यांपैकीच मी एक. मी हार्ड डिस्क आहे, बरीच जुनी, आणि आडपडदा न ठेवता सांगायचे तर आता निकामी. तळहातावर मावेन एवढी माझी कुडी. आत आरशासारख्या चकाकणाऱ्या गोल चकत्या आहेत आणि त्यांच्यावरून फिरणारा एक बारीक हात. त्या हातानेच मी लिहीत होते आणि वाचून दाखवत होते. आता तो हात हलत नाही. बोलायलाही कुणी येत नाही, म्हणून आज तुम्हांलाच सांगत बसले आहे.

माझा जन्म थायलंडमधल्या अयुथया गावाच्या नदीपलीकडे, भाताच्या शेतांना लागून असलेल्या कारखान्यात झाला. जन्मताना मला माणसाचा चेहरा काही दिसला नाही. पांढरी टोपी, तोंडावर पांढरी पट्टी आणि मधे दोन डोळे, एवढेच काय ते. धुळीचा एक कण जरी आमच्या पोटात गेला तरी जन्मभराचे दुखणे लागते, म्हणून तिथे सगळा कारभार अगदी कडक सोवळ्यातला. माझ्या पाठोपाठ माझी बहीण जन्मली. एकच दिवस, एकच यंत्र, एकाच धातूच्या चकत्या. अंगावरचे क्रमांकही एकापुढचे एक. आम्हांला एका खोक्यात शेजारी शेजारी बसवले आणि गावातल्या दुकानात पाठवले.

तिथे आम्हांला थावोर्नकाका भेटले.

काकांचा धंदा जरा वेगळा होता. आमच्याकडे माणूस गेले की अग्नी देण्याच्या दिवशी आलेल्यांच्या हातात एक छोटे पुस्तक ठेवतात. त्यात गेलेल्याचे आयुष्य असते, फोटो असतात, मुलांनी लिहिलेले चार शब्द असतात, आणि बाई असेल तर तिच्या हातच्या कालवणाची कृतीसुद्धा असते. अशी पुस्तके काका तयार करून द्यायचे. कचेरीत माणसे तीनच. काका, त्यांची बायको अंफाय आणि हिशेबापासून चहापर्यंत सगळे बघणारी तुक्ता. ऐन कामात एकदा त्यांचा जुना संगणक बसला, काकांचे धाबे दणाणले, आणि त्यांनी संगणक दुरुस्त करणाऱ्या कोमसानला बरोबर घेऊन दुकान गाठले. काकूही आल्या होत्या.

"काका, एक नको, दोन घ्या," कोमसान म्हणाला. "एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरी उभी. तुमचं काम थांबायचं नाही."

"मग या दोन दे," काकांनी आमच्याकडे बोट दाखवले.

कोमसानने मान खाजवली. "चांगल्या आहेत त्या. पण दोन्ही एकाच खेपेच्या आहेत. एकीत काही खोट असली तर दुसरीतही तीच निघणार. शिवाय दोघींना काम सारखंच, म्हणजे थकणारही एकदमच. एक ही घ्या आणि दुसरी वेगळ्या कंपनीची."

"सख्ख्या बहिणी आहेत त्या, आणि तू मला त्यांची ताटातूट करायला सांगतोस? क्रमांक बघ, पाठोपाठचे. जोडीनं समोर आलेली वस्तू जोडीनंच न्यावी. शुभ असतं."

काकू हसल्या. "आमच्या लग्नात दोन उशा मिळाल्या होत्या. त्यातली एक फाटली तरी दुसरी यांनी मला वेगळी करू दिली नाही. तू कुठे यांच्या नादाला लागतोस?"

"बरं, राहू द्या. पण मग एक तिसरी प्रत तरी कचेरीबाहेर ठेवा. घरी ठेवा, देवळात ठेवा. कारण या दोघी म्हणजे..."

तोवर काका आम्हांला घेऊन गल्ल्यापाशी पोचलेसुद्धा होते. कोमसानने तोंडातले वाक्य तोंडातच ठेवले. काका त्याच्या वडिलांच्या वयाचे. आमच्याकडे वडीलधाऱ्याला एखादी गोष्ट एकदाच सांगतात. दुसऱ्यांदा सांगणे म्हणजे त्याला अडाणी म्हणण्यासारखे. आणि त्याला भूकही लागली होती. काकांनी नूडल्स खायला घालायचे कबूल केले होते.

गुरुवार बघून आमची स्थापना झाली. काळ्या पेटीत, म्हणजे सर्व्हरमध्ये, वरच्या कप्प्यात मी आणि खालच्या कप्प्यात बहीण. कचेरीतल्या सगळ्या संगणकांचे हे एकच सामायिक कपाट. देवळातून भन्तेजी आले. पेटीभोवती पांढरा दोरा फिरवला, मंत्र म्हटले आणि गवताच्या जुडीने पाणी शिंपडू लागले. कोमसान चहाचा ट्रे घेऊन आडवा आला.

"भन्तेजी, इकडे जरा बेतानं. आत वीज आहे."

"विजेला काय आशीर्वाद नको?" भन्तेजी म्हणाले आणि त्यांनी कोमसानच्याच डोक्यावर चांगले ओंजळभर पाणी ओतले. सगळे हसले. दोन हिरवे दिवे लागले आणि आमचा संसार सुरू झाला.

तुम्हांला वाटेल, सख्ख्या बहिणी शेजारी शेजारी, म्हणजे दिवसभर गप्पा रंगत असतील. नाही मित्रांनो. आमच्यात पातळ पत्र्याचा एक पडदा होता आणि तो ओलांडून बोलायची काही सोय नव्हती. तिच्या फिरण्याची बारीक थरथर मला जाणवायची, तेवढाच आमचा सहवास. आणि बोलता आले असते तरी काय बोलणार? मी जे लिहीत होते तेच ती त्याच क्षणी लिहीत होती. मला कळलेले प्रत्येक नाव तिला कळलेले, मी पाहिलेला प्रत्येक चेहरा तिने पाहिलेला. जिला आपले सगळे आधीच ठाऊक आहे तिला सांगण्यासारखे काही उरत नाही. मला फार एकटे वाटायचे. तिलाही वाटत असणार, कारण जे मला होते ते सगळे तिलाही होतेच.

काम मात्र आम्ही जीव तोडून केले. मास्तर, कोळी, न्हावी, रेशमाच्या व्यापाऱ्याची नव्वदी गाठलेली आई, असे किती जण आमच्या पोटातून कागदावर गेले. सोंगक्रान, म्हणजे आमचा एप्रिलमधला नववर्षाचा सण, आला की काकू पेटीवर मोगऱ्याची माळ ठेवायच्या. कचेरीत कुणी आले की काका कौतुकाने पेटीवर थाप मारायचे. त्यांना मूलबाळ नव्हते. "माझ्या दोन मुली आहेत या," ते म्हणायचे. "एक पडली तर दुसरी सावरेल."

एकदा तुक्ताच्या हातून एका मास्तरांचे अख्खे पुस्तक पुसले गेले. ती रडकुंडीला आली. काका शांत होते. "अगं, दुसरीवर असेल की."

पण नव्हते. मला पुसायला सांगितले त्याच क्षणी बहिणीलाही तोच हुकूम गेला होता. आम्ही दोघी एकच गोष्ट धरत होतो आणि एकदमच सोडत होतो. काकूंनी मास्तरांच्या घरून फोटो पुन्हा मागवले आणि सगळे नव्याने मांडले. कोमसानचे अर्धवट राहिलेले वाक्य तेव्हा तरी कुणी पूर्ण करून घ्यायला हवे होते. पण पुस्तक वेळेवर निघाले, आणि काम वेळेवर निघाले की चूक कुणाच्या लक्षात राहत नाही.

पुढे काकू गेल्या. पोटाचे दुखणे निघाले, आणि निघाले तेव्हा फार उशीर झालेला होता. देवळात प्रार्थना सुरू झाल्या. शवपेटी शंभर दिवस देवळात ठेवायची आणि मग अग्नी द्यायचा असे ठरले. मोठ्या मायेच्या माणसासाठी आमच्याकडे असे करतात.

काकूंचे पुस्तक काका स्वतः करणार होते. त्यांनी घरातला प्रत्येक फोटो आणून स्कॅन केला आणि आमच्या स्वाधीन केला. काकू शाळेच्या कपड्यांत, काकू केळी विकायच्या होडीत, काकू लग्नाच्या दिवशी, काकू पुढे बुडून गेलेल्या आपल्या भावाचा हात धरून. मग सातव्या दिवशी, शवपेटी बंद करण्याआधी, ते सगळे खरे फोटो रुमालात बांधून ते देवळात निघाले.

"काका, एखादा तरी ठेवून घ्या," तुक्ता म्हणाली.

"कशाला? तिचे तिच्यापाशी राहू देत. वाटेत सोबत होईल. माझ्यापाशी या दोघी आहेत ना."

रुमाल काकूंच्या हाताशी ठेवला आणि झाकण लागले. त्या क्षणापासून काकूंचे सारे आयुष्य जगात फक्त आमच्यापाशी उरले. एवढी मोठी जोखीम अंगावर घ्यायची आमची लायकी होती का, हे आम्हांला कुणी विचारले नाही.

काका रोज एक फोटो उघडून बसायचे. परक्यांचे आयुष्य तीन दिवसांत मांडणारा तो माणूस, पण बायकोच्या फोटोखाली एक ओळ लिहायला त्यांना सकाळची दुपार व्हायची. ती ओळ ते तोंडाने पुन्हा पुन्हा म्हणायचे आणि मग खोडायचे. मी तो फोटो त्यांच्यासमोर धरून ठेवायचे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले काम होते, आणि सर्वांत जड.

अशाच एका दुपारी काका देवळात गेलेले असताना खालच्या कप्प्यातून खट्ट असा आवाज आला. मग पुन्हा. बहिणीची थरथर वाढली, अडखळली आणि थांबली. तिचा दिवा लाल झाला आणि पेटी कर्कश ओरडू लागली.

तुक्ता एकटीच होती. ती धावत आली, दिसेल ते बटण दाबत सुटली आणि आवाज बंद पडला. मग तिने भीत भीत एक पुस्तक उघडून पाहिले. उघडले. दुसरे पाहिले. तेही उघडले. उघडणारच, कारण मी चालू होते.

"चालतंय की सगळं," ती स्वतःशीच म्हणाली.

इतक्यात काका आले. डोळे सुजलेले, सदरा चुरगळलेला. तुक्ताने तोंड उघडले आणि मिटले. मी ते स्पष्ट पाहिले असे म्हणत नाही, पण तिचा श्वास पेटीच्या अगदी जवळ होता. या माणसाला आत्ता आणखी एक काळजी कशी द्यायची? कोमसानला बोलवावे तर तो येताच काकांना कळणार. अग्नी होऊन जाऊ दे, मग सांगू, असे तिने ठरवले आणि लाल दिव्यावर मोगऱ्याची माळ अडकवली. आमच्याकडे याला समंजसपणा म्हणतात. दुसऱ्याच्या मनाला ओझे होऊ नये म्हणून आपण गप्प राहावे, असे लहानपणापासून शिकवतात. तुक्ताच्या मनात काही वाईट नव्हते. तिच्या मनात माया होती, आणि म्हणूनच हे सांगताना मला जड जाते.

आता मी खरोखरीची एकटी झाले. आधीचा एकटेपणा त्या मानाने बरा म्हणायचा, निदान शेजारी कुणी फिरत तरी होते. आता पत्र्यापलीकडे काहीच नव्हते. आणि बहिणीला जे झाले ते मलाही होणार हे मला पक्के ठाऊक होते. एकाच दिवसाच्या आम्ही, एकच खोट पोटात घेऊन आलेल्या, एकच कष्ट केलेल्या. थोड्याच दिवसांत माझाही हात अडखळू लागला. एखादा फोटो समोर धरायला मला उशीर व्हायचा. काका म्हणायचे, "दमली वाटतं माझी पोर," आणि वाट बघायचे. मला ओरडायचे होते, पण पेटीचा आवाज बंद केलेला होता.

एका सकाळी कोमसान आला. काकांना आवडतात म्हणून रोटीत गुंडाळलेले म्हातारीचे केस, म्हणजे साखरेचा कापूस, घेऊन आला होता. पुडी ठेवायला जागा शोधताना त्याला पेटीवरची वाळून काळी पडलेली माळ दिसली आणि त्याने ती काढायला हात पुढे केला.

"असू दे ती," तुक्ता घाईघाईने म्हणाली.

पण माळ त्याच्या हातात आली होती. खाली लाल दिवा जळत होता.

"तुक्ताताई, हे कधीपासून?"

"सोंगक्रानच्या आधीपासून."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"कसं बोलू? त्यांची अवस्था बघतोस ना तू."

काका आतून बाहेर आले. "काय झालं?"

एवढे होऊनही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. शेवटी कोमसान खाली बसला आणि काकांनाही त्याने हात धरून शेजारी बसवले.

"काका, तुमची एक मुलगी गेलीय. दुसरी चालू आहे, पण तिचंही तेच दुखणं आहे. कान लावा, ऐका."

काकांनी कान लावला. मी खट्ट म्हटले. म्हणायचे नव्हते, पण आवरले नाही.

"नवी आणून हिच्याशेजारी लावली तर हिला सगळं अथपासून इतिपर्यंत वाचून द्यावं लागेल. तेवढा दम हिच्यात नाही. आधी मोलाचं तेवढं मी हातानं उचलून बाहेर घेतो. जुनी पुस्तकं छापून लोकांच्या घरी गेलीत, ती मिळतील. आता सांगा, पहिल्यांदा काय घेऊ?"

"काकूंचे फोटो," तुक्ता म्हणाली. "विचारायचं काय त्यात?"

काकांनी पेटीवर हात ठेवला. मग म्हणाले, "घाटावरच्या नावाड्याचं पुस्तक आहे. परवा त्याला अग्नी देणार आहेत. ते आधी घे."

"काका, तिचं नंतर मिळेल असं समजू नका. हिच्यापाशी वेळ नाही. मी एकदा सांगितलं. आता दुसऱ्यांदा सांगतो, हिच्यापाशी वेळ नाही."

"ऐकलं मी. अग्नी एकदाच देतात रे. त्याच्या म्हातारीच्या हातात परवा पुस्तक नसलं तर मग कधी देऊ? आणि तिचे फोटो घेऊन त्याचं पुस्तक बुडवलं असतं तर अंफायनं माझं काही ऐकून घेतलं नसतं. घे ते आधी."

मित्रांनो, मी नावाड्याचे पुस्तक दिले. अख्खे दिले, एकही पान न गाळता. प्रत्येक पान देताना मला कळत होते की मी काय खर्च करते आहे. मग कोमसानने काकूंचे फोटो मागितले. शाळेच्या कपड्यांतल्या काकू मी दिल्या. लग्नातल्या दिल्या, पण निम्म्याच. फोटोत काका आले आणि त्यांच्या शेजारची काकूंची जागा करडी राहिली. मी पुन्हा हात उचलला. तो चकतीवर घसरला, एक ओरखडा उठला आणि सगळे थांबले.

कोमसानने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. मग त्याने तारा काढल्या. तुक्ता काकांसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने हात जोडले.

"माझ्यामुळं झालं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्हांला त्रास नको म्हणून..."

काकांनी तिचे जोडलेले हात खाली केले.

"अंफायच्या पोटात थंडीच्या दिवसांपासून दुखत होतं," ते म्हणाले. "मला बोललीच नाही. शेवटी दवाखान्यात विचारलं तर म्हणते, कामं किती होती तुमच्यामागे, म्हटलं तुम्हांला त्रास कशाला. तूही तिचंच बघून शिकलीस, बाई. मी तुला काय बोलू?"

आणि मग ते रडले. देवळातही ते असे रडले नव्हते, असे तुक्ता नंतर कोमसानला सांगत होती.

आता कचेरीत नव्या दोघी आहेत. एक एका कंपनीची, दुसरी दुसऱ्या. क्रमांक काकांनी पाहिलेसुद्धा नाहीत. तिसरी प्रत दर शनिवारी तुक्ता रुमालात गुंडाळून आपल्या घरी नेते. पेटी परवा थोडी ओरडली, वीज गेली होती एवढेच, तरी तिने काकांना जेवणावरून उठवून आणले. काका कुरकुर न करता आले.

काकूंचे पुस्तकही निघाले. जे फोटो मी देऊ शकले नाही त्यांच्या जागी काकांनी रिकाम्या चौकटी तशाच ठेवल्या आणि खाली ओळी लिहिल्या. 'इथे अंफाय होडीत बसली आहे. केळी विकायची आहेत, पण निम्मी स्वतःच खाल्लेली दिसतात.' 'इथे तिने भावाचा हात धरला आहे. दोघांनाही ऊन लागते आहे.' 'इथे ती माझ्याकडे बघत नाही, कारण मी उशिरा आलो होतो.' अग्नीच्या दिवशी लोक ती पाने उलटत होते. काही जण हसले. फोटो कुठे आहेत असे कुणी विचारले नाही.

फोटो माझ्यापाशी आहेत. ते पुसले गेलेले नाहीत. होडी आहे, केळी आहेत, ऊन आहे. पण माझा हात तिथवर पोचत नाही, त्यामुळे मलाही ते दिसत नाहीत. कोमसान मला भंगारात नेणार होता, काकांनी नेऊ दिले नाही. कधी कधी ते मला हातात घेऊन बसतात. काही मागत नाहीत. थोड्या वेळाने ठेवून देतात.

मित्रांनो, तुमच्या मोलाच्या गोष्टी दोन ठिकाणी ठेवा, आणि त्या दोघी एकाच दिवशी जन्मलेल्या नसू देत. तिसरी दूर कुठेतरी ठेवा. एवढे तर कोमसानही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. लाल दिवा दिसला की सांगा. समोरचा दुःखात असला तरी सांगा, वयाने मोठा असला तरी सांगा, त्याने एकदा ऐकले नाही तर पुन्हा सांगा. आणि स्वतःला कुठे दुखत असेल तर तेही सांगा. ज्याला त्रास नको म्हणून तुम्ही गप्प बसता, तोच पुढे रिकाम्या चौकटीखाली ओळी लिहीत बसतो.